साठ मिली

चौतीस वर्षं मी या शहरातली मापं तपासली.
काटे, वजनं, पंपावरचा पाच लिटरचा डबा,
कापडाच्या दुकानातले झिजून आखडलेले मीटर,
आणि बारमधलं ते डमरूसारखं चिमुकलं भांडं,
एका तोंडानं तीस, उलटं धरलं की साठ.
निवृत्तीला शाल दिली, नारळ दिला,
शिक्का तेवढा सही घेऊन परत मागितला.

आता बुधवारी निघतो.
एक बार, एक पेग, वहीचं एक पान.
कुणी सांगितलेलं नाही. कुणी वाचत नाही.

'गारवा', अक्कलकोट रोड.
कूलर आहे, कूलरमध्ये पाणी नाही.
साठ म्हणजे बावन्न, बाकीचं बर्फ सांभाळून घेतो.
शेंगदाणे परवाचे.
मालक ओळखून उठला, "साहेब, तुमच्याकडून कसले पैसे?"
आणि मग घेतले.
चार मार्क.

सात रस्त्याजवळचा 'समाधान'. वकील फार.
दर टेबलावर एकेक तारीख पुढं ढकलून ठेवलेली.
शेंगाचटणी अस्सल, उखळात कुटलेली, वर दही,
कडक भाकरी बोटानं मोडली की आवाज येतो.
माप अठ्ठावन्न. चालतं.
साडेसहा. अर्धा मार्क कापला
मुतारीच्या दाराला कडी नाही म्हणून.

होटगी रोडवर नवा काचेचा.
तिथं पेग यंत्रातून पडतो, थेंबाचा फरक नाही.
मी तिनदा मोजला, वेटर तिन्ही वेळा
उभा राहिला गप, पाठीमागं हात बांधून.
मापाला दहापैकी दहा.
पुन्हा गेलो नाही.

आणि साखर पेठेत एक,
पाटीवरची अक्षरं उन्हानं खाल्लेली,
'श्री' उरलाय आणि 'रूम'.
शेजारच्या भिंतीपलीकडं चार माग चालतात,
टेबल थरथरतं, पेल्यातल्या दारूवर
बारीक बारीक लाटा, कुणी न हलवता.
कोपऱ्यात पोशेट्टी बिंगी.
चाळीस वर्षं धोटा फेकून
हात आता रिकामेच माग चालवतात.
शिद्रामनं त्याचा पेग भरला, साठ,
मग बाटली तशीच तिरकी धरून
वरून अजून जरा.
डोळ्यांनी सांगतो, सत्तर.

मी वही उघडली.
कमी द्या की जास्त द्या, मापात पाप ते पापच,
हे मी कितीतरी गल्ल्यांवर ऐकवलेलं.
"काय लिहलालाव काका?"
म्हटलं, शिद्राम, दहा मिली जादा गेलं.
तो फडकं पिळत म्हणाला,
"पेल्यात गेलं की. तोंडापर्यंत जाईस्तोवर
दहा सांडतंय त्याचं.
पोटात साठच जातंय बघा, मोजा पायजे तर."

पोशेट्टीनं पेला उचलला, दोन्ही हातांनी.
मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेला,
कोपरावरून खाली फरशीवर.
मी मोजलं नाही.
कायद्यात असं कलम नाही,
पेल्याला कड असते, माणसाला नसते.
'माप' लिहून पुढं दोन टिंबं दिली
आणि पेन तिथंच अडलं.

साडेनऊला शिद्राम ओरडला,
"भवानी पेठवाले! पाणी आज तुमचं हाय बे!"
अर्धा बार उठला,
निम्मे पेले एका घोटात, बिलं उधार,
चपला उलट्यासुलट्या.
या गावात दारू रोज मिळते,
पाणी पाचव्या दिवशी,
आणि पाचवा दिवस कुणीही विसरत नाही,
कितीही घेतलेली असो.

मीही उठलो. मीही भवानी पेठेतलाच.
रात्री दोनपर्यंत नळ बारीक, मग धो धो.
तीन जिने चढून घागरी वर नेल्या.
बायकोनं अंधारातूनच विचारलं, "किती झाल्या?"
म्हटलं, सहा.
जिन्यावर किती सांडली
ते तिनं विचारलं नाही.